दहाव्याचं पॅकेज

मला एकच काम बिनचूक जमतं, ते म्हणजे ‘होय’ म्हणणं. बायको म्हणते, येताना कोथिंबीर आणा. मी होय म्हणतो आणि मोकळ्या हातानं येतो. कारखान्यात साहेब म्हणतात, ही फाइल आजच हातावेगळी झाली पाहिजे. मी होय म्हणतो आणि ती उद्याच्या गठ्ठ्यावर ठेवतो. होय म्हणायला काही लागत नाही, आणि समोरचा माणूस तेवढ्यापुरता गप्प बसतो. पन्नाशीला टेकेपर्यंत माझं या एका शब्दावर झकास चाललं होतं. आई गेली त्या आठवड्यात मात्र मी तीन जणांना तीन होय दिले आणि ते तिन्ही एकमेकांच्या उरावर बसले.

पहिला होय दादाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत सुभेदार, पेन्शनीला वर्ष राहिलेला. महिना फेब्रुवारीचा. इकडं सांगलीत रस्त्याकडेला द्राक्षांचे ढीग लागलेले आणि तिकडं दादाच्या पोस्टचा रस्ता बर्फानं बंद. आई पहाटे झोपेतच गेली. दुपारी कसाबसा फोन लागला तेव्हा दादा एवढंच म्हणाला, “थांबू नका. अग्नी तू दे.” मी होय म्हटलं आणि दिला. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आलो तर पुन्हा त्याचा फोन.

“रस्ता खुला झाला की निघतो. दहाव्याला पोचतोच. पण एक काम कर माझं.”

“सांग की.”

“मी येईपर्यंत आईच्या खुर्चीला पाणी लावू नका. गादी, कव्हर, काय धुवू नका.”

“का रं?”

पलीकडं वारा ऐकू येत होता. मग म्हणाला, “तोंड तर बघायला मिळालं न्हाई. तिचा वास तरी असंल त्यात. तेवढा मिळू दे मला.”

होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ही खुर्ची म्हणजे आमच्या सोफासेटमधली एकट्यानं बसायची. आईनं ती पहिल्याच वर्षी हॉलमधून ओढत तिच्या खोलीत नेली. आमचे वडील माधवनगरच्या मिलमध्ये मागावर होते, त्यामुळं कापड म्हटलं की आई आधी दोन बोटांत चुरगाळून बघायची. या खुर्चीचं कापड तिनं पास केलं होतं, उरलेल्या सोफ्याचं नापास. सकाळी खुर्चीत बसून मिश्री लावायची, दुपारी केसांना माका घालून उकळलेलं खोबरेल चोपडायची, संध्याकाळी गुडघ्यांना बाम. वर लुगड्याच्या घडीतला कापूर. या सगळ्याचा मिळून जो काही वास होत असेल तो आईचा वास.

‘होत असेल’ म्हणतो, कारण मला तो येत नव्हता. कोरोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्याला हा अपघात नव्हे, बढतीच. मळीच्या वासानं नवी माणसं रुमाल धरून पळतात तिथं मी पोह्यांची प्लेट घेऊन बसतो. हे घरात फक्त बायकोला माहीत. दादाला कधी सांगितलं नाही, कारण सांगायचा विषय कधी निघाला नाही. तर असा हा बिननाकाचा माणूस, आणि त्याच्याकडं दादानं वासाची राखण दिलेली.

दुसरा होय आत्याला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, कडेगावची. घरात कुणी गेलं की आत्या पिशवी घेऊन हजर आणि तेरावा होईपर्यंत सूत्रं तिच्या हातात. कुणी कुठं बसायचं, कुणी काय शिवायचं, दिवा कुठं, पिठलं-भाकरीचा कडू घास कुणाच्या घरून. पाचव्या दिवशी तिनं घरभर नजर फिरवली आणि बोटं मोजत म्हणाली, “दहाव्याला घरातल्या समद्या कापडाला पाणी लागाय पायजे. दिवं लागायच्या आत. त्याबिगर सुतक फिटत न्हाई.”

गावाकडं ते सोपं होतं. चादरी, गोधड्या, घोंगडी गाडीत टाकायची आणि पाटाच्या पाण्यावर न्यायची. इथं हॉलमध्ये सात जणांचा सोफा, तीन बेडवर तीन गाद्या, खिडक्यांना जाड पडदे आणि मधोमध दादानंच काश्मीरच्या पोस्टिंगवरून आणलेला गालिचा, जो उचलायला दोन माणसं लागतात.

“त्यात काय,” आत्या म्हणाली, “गच्चीत न्या आन् पाइप लावा.”

“अहो आत्या, आत फोम असतो,” बायको म्हणाली. ती साताऱ्याची. भांडण न करता जिंकायचं तिला लहानपणापासून शिकवलेलं. “बाहेरून वाळतो आणि आतून कुजतो. वर्षभर वास मारेल.”

“मग आसलं आणायचंच कशाला, जे धुता येत न्हाई?”

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, “समदं धुवायचं, काय रं?” होय म्हटलं. त्यातच खुर्ची आली हे माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

तिसरा होय फोनवर. घरी येऊन सोफा, गालिचे, एसी साफ करून देणाऱ्या एकाचा नंबर बायकोनं मोबाइलवर शोधला आणि फोन माझ्या हातात दिला, कारण पुरुष बोलला की काम नीट होतं असा तिचा एक जुना गैरसमज आहे. पलीकडचा माणूस माण तालुक्यातला निघाला. मुंबईत हॉटेलांमध्ये बारा वर्षं साफसफाईच्या खात्यात, आता दोन मशिनं आणि एक व्हॅन घेऊन इकडं आलेला.

“कुटलं पॅकेज लावू साहेब? हॉल, बेडरूम, का फुल होम?”

“दहाव्याचं,” मी म्हणालो. म्हणजे मला दहाव्या दिवशीचं म्हणायचं होतं.

तो जराही अडखळला नाही. “म्हंजे फुल होमच. कापडाला पाणी लागाय पायजे, दिवं लागायच्या आत. व्हय न्हवं?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आवं, आमचं तीनच सीझन. दिवाळी, लगीन आन् दहावं. दहाव्याला सीझन नसतोय, त्यामुळं त्योच बारमाही. फुल होमवर एसी फ्री हाय बगा. सकाळी धा वाजता येतो.”

मी होय म्हटलं. आत्या कान देऊन ऐकत होती. “एसी कशाला? त्याला काय कापड हाय?” ती म्हणाली. “कापड न्हाई तर नेम न्हाई. त्ये ऱ्हाऊ दे.”

तिन्ही होय हे असे. दादा येईपर्यंत खुर्ची धुवायची नाही. दिवे लागायच्या आत सगळं धुवायचं. आणि दहा वाजता मशीन येणार. हिशोब एका गोष्टीवर बसत होता: दादाची गाडी दहाव्याला सकाळी नऊला मिरजेत येणार होती. नऊ ते दहा या तासाभरात सगळं बसवायचं. कारखान्यात मी असंच वेळापत्रक करतो आणि तिथंही ते असंच कोलमडतं.

तोवर मुख्य प्रश्न खुर्ची राखण्याचा. सांत्वनाला येणाऱ्यांचा राबता. बायका थेट आईच्या खोलीत जायच्या आणि त्यातली एखादी गुडघे दुखणारी पाहुणी ‘आगं आई गं’ करत त्या खुर्चीतच टेकायची. शिवाय आत्या, जिच्या हातात बादली आली की ती काय भिजवेल सांगता येत नाही. मी खूप विचार केला आणि मला एकच उपाय सापडला. मी स्वतः खुर्चीत बसून राहिलो.

सकाळी अंघोळ झाली की जे बसायचो ते जेवायला उठायचो, पुन्हा बसायचो. दुपारी तिथंच डोळा लागायचा, मान मागच्या गादीवर. आत्या कुरकुरली, “सुतकात गादीवर बसत न्हाईत रं,” पण बायकोनं तिला बाजूला घेऊन ‘आईंच्या आठवणीनं बसतात’ असं काहीतरी सांगितलं. आलेली माणसं दारातून बघून हळू आवाजात म्हणायची, “आईच्या खुर्चीतनं उठंना झालाय बिचारा. लय जीव हुता.” एका लांबच्या मावशीनं तर माझ्याकडं बघून डोळ्याला पदर लावला. मी मान खाली घातली. ती त्यांना दुःखाची वाटली.

खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. अग्नी देताना मला वाटलं आता होईल. तेव्हा लाकडं ओली आहेत का याकडंच लक्ष. रक्षा सावडताना वाटलं आता. तेव्हा चप्पल कुठं काढली ते आठवेना. मला रडू येत नाही याची भीतीही वाटत नव्हती. भूक लागायची, जेवायचो. कुणी पाठीवर हात ठेवला की पाठीवर हात आहे एवढं कळायचं. एकदा मनात आलं, नाकाबरोबर आणखी काही गेलं की काय आपलं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

दहाव्या दिवशी पहाटे घाटावर गेलो. न्हाव्यानं डोकं केलं. पिंड मांडला आणि मी हात जोडायच्या आत कावळा शिवून गेला. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिली नव्हती. आईनं आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, कावळ्याला तरी कशाला ठेवेल? पण तिचा थोरला अजून वाटेत होता. ही गोष्ट दादाला सांगायची नाही असं मी कृष्णेच्या पायरीवर पक्कं ठरवलं. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

“पोचलास का?” मी विचारलं.

“गाडी आठ तास लेट हाय. पाच वाजतील. झालं का तिकडचं?”

“झालं. कावळा लगेच शिवला,” मी म्हणालो.

मी जीभ चावली. तो म्हणाला, “खुर्ची हाय न्हवं?”

“होय.”

दहाच्या ठोक्याला व्हॅन दारात. माणूस चाळिशीचा, पायांत स्वच्छ मोजे, बूट दाराबाहेर. बायकोनं चहा विचारला. “धुऊन झाल्यावर घेईन वैनी,” तो म्हणाला आणि स्वतःची पाण्याची बाटली कोपऱ्यात ठेवली. सुतकाच्या घरातलं पाणी प्यायचं नाही, आणि तसं तोंडानं म्हणायचंही नाही, हे त्यानं इतक्या सफाईनं केलं की आत्या खूष झाली. मग त्यानं स्वयंपाकघरातून स्टीलचं एक वाडगं मागून घेतलं.

“हे कशाला?”

“सोफ्यात घावतं त्ये ह्यात ठिवतो. मागनं लोकांची भांडणं नकोत.”

दुपारपर्यंत वाडगं भरत आलं. सुपारीची खांडं, दोन पेनांची टोपणं, शर्टाची बटणं, मुलीचं कानातलं, ज्यावरून तीन वर्षांपूर्वी घरात महाभारत झालं होतं, आणि माझा कारखान्याचा जुना पास, जो साहेबांनी मागितल्यावर मी ‘होय, आणतो’ म्हटलं होतं. आत्या वाडग्याजवळ बसून एकेक वस्तू उचलून बघत होती. मशीन गालिच्यावरून पुढं जायचं तेव्हा फेस, मागं यायचं तेव्हा तो शोषून घ्यायचं. टाकी भरली की तो मला हाक मारायचा.

“हे बगा साहेब.” टाकीत काळं पाणी. “लोकांना वाटतंय आपलं घर सोच्छ हाय.”

“होय,” मी म्हणालो. आमचं दहा वर्षांचं बसणं-उठणं त्यात होतं. मी ते नेऊन न्हाणीत ओतलं. चार वेळा.

मधल्या वेळात मी त्याला बाजूला घेऊन खुर्चीचं सांगितलं. दादाचं, वासाचं. त्यानं खुर्चीकडं पाहिलं, कापडावर तळहात ठेवला.

“शेवटाला घिऊ,” तो म्हणाला. “आन् आईकाच एक. नुसत्या कापडाला नाक लावून कितीसा येणार? वाफ मारली की आत मुरलेला वास समदा वर येतोय. धा मिंटं. मग जातोय तो कायमचा. तुमचं भाऊ आलं की मारतो. पाणी बी लागलं आन् वास बी घावला.”

मला वाटलं, हा माणूस कारखान्यात माझ्या जागी पाहिजे होता.

चार वाजता तो गाद्या आणि पडदे उरकून मोकळा. उरली एक खुर्ची. आत्या दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन सूर्य बघून यायची.

“काय रं, ती एक कशाला ठेवलीय?”

“मशीन गार व्हायला ठेवलंय आत्या.”

“मशीन गार हुतंय आन् दिवस मावळतोय.”

सहाला रिक्षा वाजली. दादा उतरला. पाठीवर फौजी पिशवी, डोक्यावर टोपी, आणि टोपी काढली तर खाली टक्कल. मिरजेत उतरल्या उतरल्या स्टेशनबाहेर डोकं करून आला होता. दोन टकली जिन्यात समोरासमोर उभी राहिली. दोनेक वर्षांचं अंतर असलेले भाऊ आम्ही, पण केस नसले की जुळे दिसतो हे कळलं. तो म्हणाला, “वाळलास.” मी म्हणालो, “तू पण.” दोघांचीही पोटं पुढं होती.

आत्या रडली, तो तिच्या पाया पडला. पाय धुतले आणि पाणीही न पिता आईच्या खोलीत गेला. मी, बायको, आत्या मागोमाग. मशीनवाला वाफेची नळी घेऊन तयारच. आत्याला आता सगळा प्रकार कळला. ती माझ्याकडं असं बघायला लागली की मी दादाच्या मागं सरकलो.

दादानं खुर्चीसमोर गुडघे टेकले. मशीनवाल्यानं पाठीच्या गादीवर, खुर्चीच्या हातांवर, बसायच्या जागेवर वाफ सोडली. पांढरा धूर उठला. दादानं डोळे मिटून तोंड पुढं केलं आणि मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मशीन बाजूला झालं तरी त्याच्या कपाळावरची आठी तशीच. त्यानं डोळे उघडले आणि हळूच मागं वळून माझ्याकडं बघितलं.

“ह्यात आई न्हाई,” तो म्हणाला. “ह्यो तुझा वास हाय.”

त्यानं पुन्हा गादीला नाक लावलं.

“एका गोधडीत झोपलोय की आपण. मला कळतंय. तुझाच हाय.”

आत्या म्हणाली, “आसणारच की. आठवडाभर त्येच बसलंय त्यात, कोंबडी खुडूक बसल्यागत.”

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. दादा, मी राखण करत होतो, असं काहीतरी. मी म्हणालो, “होय.”

दादा हसला नाही, रागावला नाही. खुर्चीच्या ओल्या हातावर पंजा ठेवून गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. दोन रात्री रेल्वेच्या डब्यात बसून आलेला माणूस. मी त्याच्या टकलाकडं बघत होतो. न्हाव्यानं घाईत कानामागं दोन केस ठेवले होते. आपण काय केलं हे मला समजत होतं, एखाद्याचा पत्ता वाचून समजावा तसं. पण आत काही हललं म्हणावं तर तेही नाही.

मशीनवाल्यानं नळी गुंडाळली, खुर्चीतलं पाणी शोषून घेतलं, फडकं पिळलं. मग घसा साफ केला.

“साहेब, पॅकेजमधला एसी ऱ्हायलाय. ह्याच खोलीतला न्हवं? धुवायच्या आदी जरा चालवून बगतो. आवाज करतोय का ते कळतंय.”

हा एसी दादानंच घ्यायला लावलेला, मिलिटरी कँटीनमधून. खुर्चीच्या बरोबर वर. आईला गारवा सोसत नसे. ‘हाडात जातंय’ म्हणायची. म्हणून ती तो नुसता पंख्यासारखा लावायची आणि दार उघडं ठेवायची. एप्रिल, मे, दुपारभर. मशीनवाला स्टुलावर चढला, पुढचं झाकण उघडलं, जाळी काढली. जाळीवर धुळीचा थर, बोटभर जाड, घोंगडीच्या तुकड्यासारखा. त्यानं ती बाजूला ठेवली आणि रिमोट दाबला.

वारा सुटला. माझ्या कोऱ्या डोक्याला लागला. मग बघितलं तर दादा उभा राहिला होता. एसीच्या खाली, हात बाजूला, हनुवटी वर, परेडला उभा राहावा तसा. त्याचा श्वास मोठमोठा चाललेला. मला वाटलं त्याला काही होतंय.

दारातून आत्या म्हणाली, “वैनी.”

आईला हाक मारावी तशी म्हणाली. आणि आत आली. बायकोनं तोंडावर पदर धरला होता. पदर नव्हे, ओढणी. आईनं रिमोटपलीकडं जिला कधी हात लावला नाही त्या पेटीनं पाच उन्हाळे तिची मिश्री, तिचं तेल, तिचा बाम ओढून पोटात ठेवला होता. तिघं तिथं उभी होती आणि तिघांचे चेहरे वर. मीही चेहरा वर केला. मला वारा लागला. नुसता वारा.

“येतोय का?” मी बायकोला विचारलं.

तिनं मान डोलावली.

मशीनवाला स्टुलावरून उतरून आपल्या खोक्यावर बसला होता. रिमोट मांडीवर, नजर जमिनीवर. मग त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं असणार. एसीला बांधायची प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि पाण्याचा पंप त्यानं पुढ्यात ओढला.

“किती दिवस येतो हा?” दादानं विचारलं. वर बघतच.

“न धुता ठिवला तर येतोय की. रोज थोडा कमी. पण जाळीत धूळ लय हाय साहेब, खोकला धरंल घरात.” मग माझ्याकडं वळला, कारण घर माझं. “काय करायचं? धुवायचा का ऱ्हाऊ द्यायचा?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दादा पण. ज्याला वास येत नाही त्या एकट्यानं ठरवायचं होतं.

“होय,” मी म्हणालो.

“होय म्हंजी? धुवायचा का ऱ्हाऊ द्यायचा?”

“होय,” मी पुन्हा म्हणालो. खरंच म्हणालो. माझ्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

दादाच्या घशातून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं खोकला. तो हसत होता. हसता हसता भिंतीला टेकला, मग खाली बसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बायकोनं त्याला पाणी आणून दिलं. बाहेर उजेड तांबडा झाला होता. आत्यानं खिडकीतून बघितलं, खुर्चीचं ओलं कापड हातानं दाबून बघितलं, वर एसीकडं बघितलं.

“त्याला कापड हाय का?” ती म्हणाली.

“न्हाई जी,” मशीनवाला म्हणाला.

“मग त्याला नेम न्हाई. मी पैल्या दिशी सांगिटलंय. ऱ्हाऊ दे त्ये तसंच.” आणि माझ्या बायकोला, “पोरी, दिवा लाव. आन् ह्या बाबाला चहा टाक. सुतक फिटलं.”

मशीनवाल्यानं धुळीची जाळी होती तशी परत बसवली. चहा बशीत ओतून प्याला. जाताना सांगून गेला की खुर्ची दोन दिवस वाळू द्या, बसू नका. मी होय म्हटलं. आणि दादा अंघोळीला गेल्यावर, सवयीनं, जाऊन बसलो. विजार ओली झाली. मागून पाठ ओली झाली. गार लागलं. एवढं मात्र लागलं. मी उठलो नाही.

दादाची सुट्टी संपून तो परत गेला. जाईपर्यंत रोज संध्याकाळी दार लावून पाचच मिनिटं एसी लावायचा. पाचच, साठा जपून वापरायची त्याला सवय. आता जून लागला. जाळी तशीच आहे. बायको खोकते, पण कुणाला बोलावत नाही. रविवारी दादाचा फोन येतो. कारखाना, पाऊस, मुलीचं कॉलेज हे झालं की थोडा थांबतो आणि विचारतो, “येतोय का रं अजून?”

माझ्या नाकाचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. बायकोला विचारता येईल. पण ती खरं सांगते, म्हणून तिला विचारत नाही. मी फोन कानाला धरून आईच्या खोलीत जातो. रिमोट दाबतो. खुर्चीसमोर उभा राहतो, तो राहिला होता तसा, चेहरा वर करून. डोक्यावर आता पुरते केस आले आहेत. वारा लागला की ते हलतात. पलीकडं दादा थांबलेला असतो.

“होय,” मी म्हणतो.